चारशे तीस पिढ्या

आमच्या कारखान्यावर येणाऱ्या पाहुण्यांना मी आधीच सांगून ठेवते की नाक दाबू नका, हा तुमच्या एसटीच्या डिझेलचा वास आहे. पाहुणे हसतात आणि तरीही नाक दाबतात. मळी, ओला साबण आणि डब्याच्या तळाशी राहिलेलं जुनं तूप, असा काहीसा तो वास. सतरा वर्षं झाली, मला आता तो येतही नाही.

हरळवाडी सहकारी साखर कारखान्याच्या मागे, जिथे पूर्वी मळीपासून मद्यार्क काढत, तिथे आता सहा उंच टाक्या उभ्या आहेत. टाक्यांत मळी आहे, यीस्ट आहे, पण मद्यार्काचा थेंब नाही. साखर खाऊन मद्यार्क सोडणं हा यीस्टचा पिढीजात धंदा. पुण्याच्या एका संस्थेने त्याच्या जनुकांत काटछाट करून ती वाट बंद केली. आता साखर फुटून जे दोन-दोन कार्बनचे तुकडे होतात, ते पेशी एकापुढे एक जोडत जाते आणि मेदाम्लाची लांब साखळी तयार करते. साधं यीस्ट ही साखळी स्वतःच्या कामाला लावतं किंवा जाळून टाकतं. आमच्या यीस्टला ती कामाला लावताही येत नाही आणि जाळताही येत नाही, तशी जनुकंच काढून टाकली आहेत. मग मेदाम्लं साठतात, पेशीबाहेर झिरपतात आणि वर तरंगतात. टाकीवरची माणसं त्या थराला साय म्हणतात. ही साय मिरजेला जाते, तिथे तिचं डिझेल होतं आणि जिल्ह्यातल्या निम्म्या एसट्या त्यावर धावतात.

यात एक ग्यानबाची मेख आहे. साय बनवून यीस्टला स्वतःला काहीच मिळत नाही. ती शुद्ध वेठबिगारी आहे. अधूनमधून एखादी पेशी असा बदल घेऊन जन्माला येते की तिला साय बनवताच येत नाही. ती ते श्रम वाचवते, भराभर वाढते आणि बघता बघता टाकी अशा कामचुकारांनी भरून जाते. सत्तर-ऐंशी पिढ्यांत खेळ खलास. म्हणून नियम असा की दर बॅचला बियाणं नवं हवं, पुण्याहून आलेल्या, उणे ऐंशी अंशांवर गोठवलेल्या कुपीतलं. बॅच संपली की टाकीतलं यीस्ट वाफेने मारून टाकायचं.

त्या कुप्यांच्या फ्रीजरची जबाबदार अधिकारी मी, संयोगिता बिरनाळे. जैवसुरक्षेचा परवाना माझ्या नावावर आहे. खरं म्हणजे होता.

ऑक्टोबरात सरव्यवस्थापक घाटगेंनी मला बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर साय उतरल्याचा आलेख होता.

"मॅडम, फेब्रुवारीत शंभर लिटर निघत होती तिथे आज बासष्ट निघते. संचालक मंडळाला मी काय सांगू?"

"पुण्याच्या कुप्यांत दोष असणार," मी म्हटलं. इतक्या ठामपणे म्हटलं, की आता आठवलं तरी मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्याच दुपारी मी पुण्याला एक झणझणीत पत्र पाठवलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं, तेही अगदी थंड डोक्याने. पिढ्यांची पट्टी वाचा, म्हणाले.

या यीस्टच्या जनुकांत संस्थेने एक लांबलचक पट्टी घातलेली आहे. तिला काम काही नाही, फक्त दर काही पिढ्यांनी तिच्यातलं एखादं अक्षर बदलतं. किती अक्षरं बदलली ते मोजलं की यीस्टचं वय कळतं. कुपीतून निघून मोठी टाकी भरेपर्यंत पस्तीस-चाळीस पिढ्या होतात. तेवढ्याच दिसायला हव्या होत्या. यंत्राने आकडा दाखवला चारशे तीस.

मी तीनदा वाचून पाहिलं. मग फ्रीजरमधल्या दहा कुप्या काढल्या, वितळवल्या आणि काचेच्या बशीत खाद्यावर पसरल्या. दोन दिवसांनी बश्या जशाच्या तशा स्वच्छ होत्या. सगळ्या कुप्या मेलेल्या. तेव्हा मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण दर सोमवारी कुपी काढून बियाणं तयार करणारा माणूस एकच होता.

आण्णाप्पा मगदूम चौतीस वर्षं या आवारात आहेत. मद्यार्काच्या दिवसांपासून यीस्टवर त्यांचाच हात. मी विद्यापीठातून पदक घेऊन आले, तेव्हा पहिल्याच दिवशी मी मीटर बघत असताना ते म्हणाले होते, "बाई, त्ये नंतर बघा. आधी टाकीला कान लावा. तिला काय हुतंय ते ती सांगतीया." मला राग आला होता. वर्षभरात कळलं की टाकीत काही बिनसलं तर मीटरच्या आधी दोन तास आण्णांना कळतं. पुढे मी त्यांची अधिकारी झाले, तरी माझी कॉफी तेच आणून देत आणि माझं चुकलं की तेच ओरडत. येत्या मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते.

बियाण्याच्या खोलीत ते किटली धूत होते. मी दार लावून घेतलं.

"आण्णा, कुप्या मेल्यात."

त्यांनी मान वर केली नाही. "व्हय. फेब्रुवारीपासनं."

"फेब्रुवारीपासून?"

"तुम्ही भाचीच्या लग्नाला बेळगावला गेला हुतासा, तवा."

मला सगळं एकदम आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं. फ्रीजरचं तापमान रोज बघून वहीत लिहायचं आणि सही करायची, हे माझं काम. लग्नाला निघायच्या घाईत मी सोमवार ते शुक्रवार पाचही चौकटींत उणे ऐंशी लिहून सह्या ठोकून गेले होते. असं सगळेच करतात. पण हे वाक्य कुठल्याही चौकशीत कामाला येत नाही.

"बुधवारी सकाळी आलो तर खाली पाणी," आण्णा सांगू लागले. "काम्प्रेसर बसलेला. आत हात घातला तर कोमट. दोन दिस तरी झालं असणार. वहीत बघितलं तर शुक्रवारपातूर तुमच्या सह्या. मग पाणी पुसलं, वायरमनला बोलावून मशीन चालू केली. सांजंला काटा उणे ऐंशीवर."

"मला फोन का नाही केलात?"

"केला असता तर तुमास्नी ठरवावं लागलं असतं. खरं सांगायचं का सोडून द्यायचं. लग्नाच्या मांडवात बसून. म्हटलं, आपणच ठरवू."

"आणि बियाणं?"

"चार नंबर रिकामी करायची हुती. लई जाड साय धरली हुती तिनं. वाफ सोडायच्या आधी किटलीभर काढून ठेवलं. घरात विरजण ठेवत्यात तसं. दही संपवायच्या आधी चमचाभर बाजूला काढायचं, ह्ये काय कुणी शिकवावं लागतंय?"

मी स्टुलावर बसले. हा माणूस आठ महिने दर सोमवारी एक मेलेली कुपी काढून फेकत होता, वहीत तिचा नंबर लिहीत होता आणि टाकीत किटलीतलं विरजण घालत होता. मी त्या वहीवरही सह्या करत होते.

"दर वेळी चार नंबरमधूनच घेतलंत?"

"न्हाई, न्हाई. सहा टाक्यांत ज्या टाकीची साय सगळ्यात जाड, तिच्यातनं. आन् वरनं न्हाई, सायीच्या बुडातनं. तिथं चिकटलेलं असतंय त्ये खरं कामाचं."

मी त्यांना वाटेल ते बोलले. नियम, परवाना, विश्वास, सगळं काढलं. आवाज चढवून बोलताना मला आतून नीट कळत होतं की मी स्वतःवरच ओरडते आहे.

घरी आल्यावर राग निवला आणि डोकं चालायला लागलं. बासष्ट टक्के. मी या आकड्याकडे इतके दिवस घसरण म्हणून बघत होते. पण चारशे तीस पिढ्यांनंतर तिथे शून्य असायला हवं होतं. किटलीतून टाकी भरायला बाराएक पिढ्या लागतात, त्या हिशेबाने दुसऱ्या महिन्यातच साय आटायला हवी होती.

मग उलगडलं. एका टाकीच्या आत कामचुकार पेशी नेहमीच जिंकणार, यात वाद नाही. पण टाक्या सहा होत्या. ज्या टाकीत कामचुकार कमी, तिची साय जाड. आण्णा दर आठवड्याला तेवढीच टाकी पुढे चालवत होते आणि बाकीच्या पाच वाफेने मारत होते. चांगलं कणीस बघून बियाणं राखणारा शेतकरी जे करतो, ते त्यांनी टाक्यांवर केलं होतं, तेहतीस वेळा. त्यातून असं यीस्ट उरलं होतं, ज्याच्यात साय बनवणं आणि जगणं यांची काहीतरी नवी सांगड बसली होती. कशी, ते मला त्या दिवशी सांगता आलं नसतं. पण ती सापडली तर उणे ऐंशीचा फ्रीजर नको, पुण्याची कुपी नको. एखादा गुऱ्हाळवालाही शेजारच्या गुऱ्हाळातून किटलीभर बियाणं आणून स्वतःच्या ट्रॅक्टरपुरतं डिझेल काढू शकेल. संस्था बारा वर्षं हेच करायला धडपडत होती.

मला इतका आनंद झाला की मी एकटीच स्वयंपाकघरात हसले. तो आनंद दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला.

दुपारी घाटगेंनी दोन कागद माझ्यासमोर ठेवले. पहिला जैवसुरक्षा निरीक्षक फरीदा मुजावर यांचा; पट्टीचा आकडा यंत्रातून थेट त्यांच्या कार्यालयातही जातो. गुरुवारी त्या चौकशीला येणार होत्या. नोंद नसलेलं यीस्ट त्याच दिवशी वाफेने नष्ट करावं, असं त्यात होतं. खाली अपवाद दिला होता: ते कोणत्या तारखेला, कोणत्या टाकीतून, कोणाच्या हाताने घेतलं याची पहिल्या दिवसापासूनची सलग नोंद असेल आणि जबाबदार अधिकारी ती खरी असल्याचं लिहून देत असेल, तर ते नवा वाण म्हणून जतन करता येईल.

दुसरा कागद आण्णांचा जबाब. त्यांच्याच वळणदार अक्षरात. पंखा लावण्यासाठी फ्रीजरची पिन मी काढली व परत लावायला विसरलो. कधी काढली ती तारीख आठवत नाही. त्यानंतर मिळेल त्या टाकीतून बियाणं घेतलं. बिरनाळे मॅडमना याची काही कल्पना नव्हती.

"सुटलो," घाटगे म्हणाले. "बडतर्फ होतील बिचारे, पण तुमच्यावर काही येत नाही. तुम्ही फक्त खाली सही करा."

मी कागद उचलला आणि थेट टाक्यांकडे गेले. आण्णा शिडी उतरत होते.

"हे काय लिहिलंत तुम्ही? पंखा कुठे आहे त्या खोलीत?"

"असंल की कुठंतरी."

"तारीख आठवत नाही म्हणे. तुम्हाला सतरा वर्षांपूर्वी मी फोडलेल्या चंबूची तारीख आठवते."

ते खाली येऊन उभे राहिले. "बाई, तारीख लिवली की ती तुमच्या सहीवर जाऊन बसतीया. म्हणून आठवत न्हाई. माझं राहिलंय काय? पाच महिनं. तुमची अजून पंधरा वर्सं हाईत."

"तुम्हाला बडतर्फ करतील. चौतीस वर्षांनंतर."

"करू देत. मला काय दुसरीकडं नोकरी मागायला जायाचंय?"

"आणि तुमचं यीस्ट मारून टाकतील, आण्णा. तुम्ही काय बनवलंय ते तुम्हाला माहीत तरी आहे का?"

मी त्यांना सांगितलं, टाकीला टेकून, जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत. त्यांनी सगळं ऐकलं. क्षणभर चेहऱ्यावर काहीतरी हललं, ते मी पाहिलं. मग त्यांनी खांद्यावरच्या फडक्याने हात पुसले.

"विरजणच हाय त्ये. मेलं तर मेलं. माणूस ऱ्हायला पायजे. आठ महिनं केलंय, त्ये पाण्यात घालू नगा."

आता माझ्यासमोर दोनच वाटा होत्या. सही केली तर मी वाचणार होते, आण्णा कलंक घेऊन घरी जाणार होते आणि वाण मरणार होता. खरं सांगितलं तर वाण आणि त्यांचं नाव दोन्ही राहणार होतं, पण माझा परवाना जाणार होता. परवान्याविना मी म्हणजे जुनं पदक असलेली एक बाई, एवढंच. मी घाबरले होते. उगाच शूरपणाचा आव कशाला आणू? शिवाय खरं सांगायचं म्हटलं तरी हातात पुरावा नव्हता. तारखा फक्त आण्णांच्या डोक्यात होत्या आणि ते मूग गिळून बसले होते.

बुधवारी आण्णा कामावर असताना मी त्यांच्या घरी गेले. पद्मावतीकाकूंनी ताक दिलं आणि माझ्यासमोर बसल्या. मी त्यांच्याकडे काय मागायला आले होते, ते मलाच नीट ठाऊक नव्हतं. पण ताक पिताना भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. दुधाचे खाडे मांडलेले होते, गॅस आणल्याची तारीख होती, आणि दर सोमवारच्या चौकटीत वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक आकडा. चार. दोन. दोन. सहा. एकपासून सहापर्यंतच सगळे आकडे. पहिला आकडा मात्र बुधवारी होता, फेब्रुवारीत, बेळगावच्या लग्नाच्या आठवड्यात.

"हे कशाचे आकडे, काकू?"

"त्यांनाच ठावं. सोमवारी घरला आलं की आधी ह्यो आकडा, मग पाय धुवायचं." काकूंनी ताकाचं भांडं उचललं. "बाई, आठ महिनं ह्यो माणूस नीट जेवला न्हाई. इचारलं तर म्हणतंय, कारखान्याचं हाय. तुमच्या कामाचं असंल तर घेऊन जावा कॅलेंडर."

"आण्णा रागावतील."

"रागावू देत. माझ्यावर रागवायची सवय हाय त्यास्नी."

मी कॅलेंडर गुंडाळून पिशवीत घातलं. रस्ताभर वाटत होतं की आपण चोरी करून चाललो आहोत.

गुरुवारी मुजावरबाई आल्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी बघणाऱ्या. घाटगेंनी आण्णांचा जबाब पुढे सरकवला. आण्णा भिंतीशी उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून.

"यावर तुमची सही नाही," मुजावरबाई मला म्हणाल्या.

"हा जबाब खरा नाही," मी म्हटलं. फ्रीजरची वही उघडली, फेब्रुवारीतली ती पाच चौकटींची रांग दाखवली, एकाच पेनने एकाच दमात केलेली. बेळगावच्या लग्नाची पत्रिका ठेवली. मग कॅलेंडर उलगडलं.

आण्णा भिंतीपासून पुढे आले. "त्ये माझ्या घरातलं हाय. बाई, ठेवा त्ये खाली."

मी ठेवलं नाही. एकेक सोमवार वाचत गेले. तारीख, टाकी, मगदूम यांचा हात. प्रत्येक तारखेला कुठल्या टाकीची साय सर्वांत जाड होती, ते कारखान्याच्या यंत्रातल्या नोंदींशी मुजावरबाईंनी स्वतः ताडून पाहिलं. तेहतीसपैकी एकतीस वेळा आण्णांचा आकडा यंत्राशी जुळला. उरलेल्या दोन वेळी पुढच्या बॅचने आण्णांना बरोबर ठरवलं होतं.

मुजावरबाईंनी चष्मा काढला. "बिरनाळे, हे तुम्ही खरं म्हणून लिहून दिलंत तर तुमच्यावर काय कारवाई होईल, माहीत आहे ना?"

"हो."

"मग लिहा."

लिहून वर पाहिलं तर आण्णा खोलीत नव्हते.

माझा परवाना पाच वर्षांसाठी गेला. आण्णांना लेखी ताकीद मिळाली आणि मार्चपर्यंतची नोकरी राहिली. यीस्टच्या सहा सीलबंद कुप्या पुण्याला गेल्या. वाणाच्या नोंदीत 'निवड करणारा' असा एक रकाना असतो. तिथे छापून आलं: आण्णाप्पा भरमू मगदूम, हरळवाडी. मला घरी बसवलं होतं, म्हणून त्याची प्रत मला टपालाने आली. मी ती दोनदा वाचली आणि मोकळेपणाने रडले. त्यात आनंद होता आणि आता मी उद्यापासून काय करायचं ही धास्तीही होती. कुठलं किती, ते मोजता आलं नसतं.

आण्णा बोलेनासे झाले. फोन केला तर काकू उचलत, "हाईत की, पर येत न्हाईत," म्हणत. पंधरवडा असाच गेला.

एका सकाळी दारात आण्णा. आत यायला तयार नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे.

"पुण्याची तीन माणसं आल्यात. टाकी कशी निवडायची त्ये सांगा म्हणत्यात. मी सांगतोय त्ये त्यास्नी कळंना, त्ये बोलत्यात त्ये मला कळंना. तुम्ही चला."

"माझा परवाना गेलाय, आण्णा. मला टाकीला हात लावता येत नाही."

"मुजावरबाईस्नी इचारलंय. हात लावायचा न्हाई, बोलायला बंदी न्हाई."

मी विचारलं, "राग गेला?"

"न्हाई," ते म्हणाले. "जल्मात एक काम कुणासाठी तरी पुरतं करावं म्हटलं हुतं. तुम्ही त्ये मोडलासा. राग ऱ्हाणार."

"मलाही आहे तुमचा," मी म्हटलं. "माझी चूक मला न विचारता उचलून नेलीत तुम्ही. आठ महिने मी मान ताठ करून हिंडले त्या आवारात. सगळ्यांना नियम शिकवत. मला सांगायला हवं होतंत."

रस्त्यावरून एसटी गेली.

"सांगाय पायजे हुतं," शेवटी ते म्हणाले. "भ्यालो मी. तुम्ही सोडून गेला असतासा तर, म्हणून."

मी चपला घातल्या, दाराला कुलूप लावलं आणि त्यांच्या मागे निघाले. ते नेहमीसारखे दोन पावलं पुढे चालत होते. कारखान्याच्या फाटकाशी येऊन थांबले आणि मी बरोबरीला येईपर्यंत उभे राहिले.